कॅन्यनमधील शिखरवाटांची माहिती देताना पाण्याचा हिशेबही छापावा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत अमेरिकेतील ॲरिझोना आणि युटा या राज्यांतल्या कॅन्यनप्रदेशाविषयी (नद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांच्या मुलखाविषयी), म्हणजे पाठीवर सॅक घेऊन तेथे पाच-सहा दिवस भटकण्याविषयी आणि तेथील शिखरे चढण्याविषयी, नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला तो मी आवडीने वाचला. छायाचित्रे सुरेख होती आणि लेखिकेची भाषाही प्रसन्न होती. मात्र एवढ्या मोठ्या लेखात पाण्याचा उल्लेख आला तो केवळ सूर्यास्ताच्या वेळी दूरवर चमकणाऱ्या नदीच्या निमित्ताने. वाटेत पाणी कोठे मिळते, कोठे मिळत नाही, किती वाहून न्यावे लागते आणि कोणत्या महिन्यात जावे, यांविषयी एक ओळही नव्हती. नोकरीनिमित्त काही वर्षे ॲरिझोनात राहिलो असल्याने आणि त्या काळात या दऱ्यांमधून बऱ्यापैकी हिंडलो असल्याने, ही उणीव किती महागात पडू शकते याची मला कल्पना आहे. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडच्या गिर्यारोहकांची घडण सह्याद्रीत नाहीतर हिमालयात होते. तेथे चढ आधी आणि उतार नंतर. दमलेला किंवा तहानलेला माणूस ज्या ठिकाणी हार मानतो, तेथून तो मागे वळला की वाट सोपी होत जाते. ग्रँड कॅन्यनमध्ये हा क्रम उलटा आहे. या दरीचा दक्षिण काठ, म्हणजे वरची कड, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे आणि तेथून साउथ कायबाब नावाची वाट अवघ्या अकरा किलोमीटरच्या आसपास जवळजवळ १,४५० मीटर खाली उतरून कोलोरॅडो नदीकाठच्या मुक्कामाच्या तळावर पोहोचते. उतरताना पाय मोकळे असतात, सकाळची हवा गार असते आणि आपण फार चांगल्या वेगाने चाललो आहोत असा समज होतो. प्रत्यक्षात आपण एका भट्टीच्या तळाशी चाललेलो असतो. काठ आणि तळ यांच्या तापमानात साधारण अकरा अंश सेल्सिअसचा फरक पडतो आणि उन्हाळ्यात तळाचा पारा ४३ अंशांच्या वर जाणे ही तेथे बातमी नसते. सगळा चढ शिल्लक असतो तो दुपारी, थकलेल्या पायांसाठी आणि रिकाम्या बाटल्यांसाठी.

बऱ्याच अंशी या उलट क्रमामुळे तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाला दरवर्षी अडीचशेहून अधिक लोकांची सुटका करावी लागते. यांतले बरेच लोक धडधाकट आणि तरुण असतात. अशा घटना इतक्या वाढल्या की १९९७ साली तेथे केवळ अपघात टाळण्यासाठी एक स्वतंत्र पथक उभे करण्यात आले. त्या पथकाचे रेंजर आणि स्वयंसेवक वाटेच्या सुरुवातीच्या टप्प्यावर उभे राहून उतरणाऱ्यांना विचारतात की तुम्ही कोठवर जाणार, पाणी किती आहे, खायला काय घेतले आहे आणि परत कधी येणार. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात उन्हात चालू नये, हा त्यांचा ठरलेला सल्ला असतो. आपल्या पुरवणीतील लेखात मात्र 'सकाळी आरामात न्याहारी करून निघालो' असे वाक्य होते. हिवाळ्यात ते खपून जाईल. जूनमध्ये निघणाऱ्याने पहाटे चारला वाटेला लागलेले बरे.

आता पाण्याकडे वळतो, कारण या प्रदेशातल्या प्रत्येक बेताची सुरुवात तेथूनच होते. साउथ कायबाब वाटेवर पाणी अजिबात नाही. शेजारची ब्राइट एंजल वाट लांब आहे, नदीकाठच्या तळापर्यंत सुमारे पंधरा किलोमीटर, पण तिच्यावर मध्ये पिण्याच्या पाण्याची सोय असल्याने नवख्यांना तीच सांगितली जाते. हे पाणी उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून एका लांबलचक जलवाहिनीने कॅन्यन ओलांडून दक्षिणेकडे आणलेले आहे. ही वाहिनी १९६०च्या दशकात बांधली गेली, ती वारंवार फुटते आणि तिच्या नूतनीकरणाचे मोठे काम २०२३ पासून हाती घेतलेले आहे. त्यामुळे नकाशावर नळाची खूण असली म्हणजे नळाला पाणी असेलच असे नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाकडे चौकशी करणे आणि तरीही गाळणी किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या जवळ ठेवणे भाग असते.

या दोन-तीन मुख्य वाटा सोडल्या की नळ संपतात आणि ओढे, झरे व खळगे यांचे राज्य सुरू होते. कॅन्यनच्या मध्यभागी टोंटो नावाचे एक रुंद, उघडेबोडके पठार कड्यांच्या पायथ्याशी पसरले आहे आणि त्यावरून जवळपास दीडशे किलोमीटरची आडवी वाट जाते. बहुदिवसीय भटकंतीचे बहुतेक बेत या वाटेच्या एखाद्या तुकड्यावर आखले जातात. नकाशात ती सरळ आणि सपाट दिसते, पण प्रत्यक्षात ती प्रत्येक उपदरीच्या आतवर वळसा घालून पुन्हा बाहेर येते, त्यामुळे समोर हाकेच्या अंतरावर दिसणारी जागा गाठायला दोन तास लागतात. वाटेत हर्मिट आणि मॉन्युमेंट हे ओढे भरवशाचे आहेत. मात्र याच टापूत हॉर्न नावाचा एक ओढा आहे. त्याच्या वरच्या अंगाला काठाजवळ ऑर्फन ही युरेनियमची खाण होती, ती १९६९ पर्यंत चालू होती आणि या ओढ्याच्या पाण्यात किरणोत्सर्गी द्रव्ये उतरलेली आहेत. ते पाणी पिऊ नये, अशी उद्यानाची स्पष्ट सूचना आहे. गाळून किंवा उकळून युरेनियम जात नाही, हे येथे मुद्दाम लिहितो, कारण 'उकळले की झाले' ही आपली सवय फार जुनी आहे. ज्याने नकाशावर निळी रेघ पाहून त्या दिवसाचा मुक्काम तेथे ठरवला असेल, त्याला ही गोष्ट तेथे पोहोचल्यावर कळून काय उपयोग?

कोलोरॅडो नदी तरी खाली आहेच, असे कोणी म्हणेल. ती आहे, पण टोंटो पठारावरून ती बहुतेक ठिकाणी फक्त दिसते. मधला कडा ओलांडून तिच्यापर्यंत उतरता येईल अशा जागा मोजक्याच आहेत. जेथे पोहोचता येते तेथेही, उपनद्यांना पूर आला असेल तर पाणी इतके गढूळ असते की गाळणी काही मिनिटांत बुजते. अशा वेळी अनुभवी मंडळी भांड्यात पाणी भरून त्यात चिमूटभर तुरटी फिरवतात, गाळ बसू देतात आणि मगच वरचे पाणी गाळतात. नदीत पोहण्याचा मोह मात्र आवरावा. वरच्या बाजूच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या जलाशयातून, खोलवरून सोडलेले हे पाणी थंडगार असते आणि त्याचा ओढ काठावरून जाणवतो त्यापेक्षा कितीतरी जोरकस असतो.

राहिले ते खडकांतले खळगे. पाऊस पडून गेल्यावर वालुकाश्माच्या सपाट कातळांवरील खळग्यांत पाणी साठते आणि काही सावलीतले खोल खळगे आठवडेच्या आठवडे टिकतात. युटामधील कॅन्यनलँड्स उद्यानाच्या दुर्गम भागांत अनेक बेत या खळग्यांवरच उभे असतात. त्यांच्यात इवले जलचर राहतात, ज्यांची अंडी कोरड्या चिखलात वर्षानुवर्षे तग धरून पुढच्या पावसाची वाट पाहतात. त्यामुळे त्या पाण्यात हातपाय धुणे, साबण लावणे किंवा उन्हापासून बचावाचे मलम लावलेला हात बुडवणे हे तेथे गैर मानले जाते, आणि मला ते योग्यच वाटते. आपल्यानंतर येणाऱ्या माणसाचे आणि रानातल्या जनावरांचे ते पिण्याचे पाणी असते. पण गेल्या महिन्यात कोणाला तरी भरलेला सापडलेला खळगा या महिन्यात भरलेलाच असेल, यावर कोणीही जिवाची पैज लावू नये.

हिशेब साधा आहे. थंडीच्या दिवसांतही चालणाऱ्या माणसाला दिवसाला चार लिटर पाणी पिण्यासाठी धरावे लागते, स्वयंपाकाचे वेगळे. मधला एक मुक्काम कोरडा असेल, म्हणजे जेथे पाणी नाही अशा जागी करायचा असेल, तर आदल्या झऱ्यावरून निघताना सॅकमध्ये आठ ते दहा लिटर, म्हणजे आठ ते दहा किलो केवळ पाणीच असते. त्यावर तंबू, अन्न, स्टोव्ह आणि शिखर चढायचे असेल तर दोर, हार्नेस व इतर लोखंड. हे ओझे घेऊन घसाऱ्यावरून चालण्याचा सराव घरून करून गेलेला माणूस आणि न करता गेलेला माणूस यांच्यातला फरक पहिल्याच दुपारी दिसतो. उलट बाजूही सांगायला हवी. घाबरून नुसते पाणीच पीत राहिल्यास आणि खारट काही न खाल्ल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे उष्माघाताशी इतकी मिळतीजुळती असतात की सोबती त्या माणसाला आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती अधिकच बिघडते. ग्रँड कॅन्यनच्या रेंजरांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. तहानेप्रमाणे प्यावे, दर तासाला काहीतरी खारट खावे आणि सदरा ओला करून अंगावर वागवावा, इतके साधे त्याचे उत्तर आहे.

लेखाचा उत्तरार्ध शिखरांविषयी होता आणि तेथे लेखिकेने विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल या नावांवर बरेच भरभरून लिहिले आहे. ही नावे ऐकून आपल्या वाचकाचे मन हरखणार हे खरेच. पण त्यांचा तेथील मातीशी संबंध नाही. क्लॅरेन्स डटन हा अमेरिकी भूवैज्ञानिक १८८०च्या सुमारास या भागाचे सर्वेक्षण करत होता. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामुळे ही पौर्वात्य देवांची नावे रूढ झाली आणि त्याच्या मागून आलेल्यांनी तीच रीत पुढे चालवून झोरोॲस्टर, बुद्ध, मनू अशी भर घातली. डटनच्या पूर्वी हजारो वर्षे तेथे माणसे राहत होती. ब्राइट एंजल वाट मुळात हवासुपाई या आदिवासी लोकांची. एका भूभ्रंशामुळे कड्यांची अभेद्य रांग जेथे खचली होती, ती जागा त्यांनी हेरली होती. याच वाटेवरच्या हिरव्या पट्ट्यात ते शेती करत आणि उद्यान झाल्यावर त्यांना तेथून हुसकावण्यात आले. त्या जागेला २०२२ साली हवासुपाई गार्डन्स हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. वाटेवर कोठे कोठे आपल्या देवांची नावे आहेत हे मोजण्याच्या उत्साहात हा इतिहास एका वाक्याने तरी यायला हवा होता.

या शिखरांची एक गंमत लेखात निसटली आहे आणि गिर्यारोहकाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. यांतली बहुतेक शिखरे काठापेक्षा खालीच आहेत. विष्णू टेंपल सुमारे २,३०० मीटर आणि शिवा टेंपल त्याहून किंचित उंच, तर उत्तर काठ त्या भागात जवळपास अडीच हजार मीटरवर. म्हणजे गाडीने आपण शिखराहून उंच जागी पोहोचतो, तेथून शेकडो मीटर खाली खिंडीत उतरतो, मग शिखर चढतो, आणि उतरल्यावर घरी जाण्यासाठी पुन्हा तेवढेच चढायचे असते. शिखरमाथा गाठला म्हणजे निम्मे काम झाले, हा आपला नेहमीचा हिशेब तेथे लागू पडत नाही. निम्म्याहून बरेच काम उरलेले असते आणि पाणी मात्र निम्म्याहून कमी उरलेले असते.

चढाईची अडचण उंचीची नाही तर थरांची आहे. कॅन्यनच्या भिंती एकावर एक रचलेल्या थरांच्या आहेत: माथ्यावर साधारण सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीचा कायबाब चुनखडक, त्याखाली कोकोनिनो वालुकाश्माचा फिकट कडा, मग लालसर उतार, आणि मध्यावर रेडवॉल नावाचा सुमारे दीडशे मीटरचा सरळसोट चुनखडकाचा पट्टा. हा खडक मुळात करडा आहे. वरच्या थरांतून ओघळलेल्या लोहामुळे त्याला बाहेरून तांबडा रंग चढला आहे. मैलोन् मैल हा पट्टा अखंड जातो आणि त्याला फट सापडेल तेथूनच वर किंवा खाली जाता येते. त्यामुळे तेथील शिखरवाट शोधणे म्हणजे मुख्यतः रेडवॉलमधली फट शोधणे. ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे गणित शिकवणारे प्राध्यापक हार्वे बुचार्ट यांनी आयुष्यभर हेच केले. त्यांनी कॅन्यनच्या पोटात हजारो मैल पायपीट केली, ऐंशीहून अधिक शिखरे चढली आणि कोठे फट आहे व कोठे पाणी आहे याच्या बारीक नोंदी ठेवल्या. आजही अनेक जण त्या नोंदींच्या आधाराने जातात. माझ्या मते या प्रदेशातला आदर्श गिर्यारोहक असा असतो: दोराच्या कौशल्याइतकीच वहीवर श्रद्धा असलेला.

शिखरांचा ज्ञात इतिहासही फार जुना नाही. विष्णू टेंपल १९४५ साली मेरेल क्लब यांनी चढले. झोरोॲस्टर टेंपल १९५८ साली डेव्ह गँसी आणि रिक टिडरिक यांनी दोर लावून सर केले. शिवा टेंपलची कथा मात्र थोडी गमतीची आहे. १९३७ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने तेथे मोठा गाजावाजा करून मोहीम नेली. काठापासून तुटलेल्या त्या माथ्यावर वेगळे उत्क्रांत झालेले प्राणी सापडतील अशी अपेक्षा होती आणि वृत्तपत्रांनी ती रंगवून छापली. प्राणी नेहमीचेच निघाले. काठावर राहणारे छायाचित्रकार एमरी कोल्ब त्यांच्या आधीच वर जाऊन आलेले होते आणि त्यांच्याही आधी आदिवासी पूर्वजांनी तो माथा वापरल्याच्या खुणा तेथे मिळाल्या. 'अस्पर्श शिखर' हा शब्द तेव्हाच्या वृत्तपत्रांना जितका प्रिय होता तितकाच आपल्या पुरवणीलाही दिसतो.

खडकाविषयी एक इशारा. वालुकाश्म पावसात भिजला की त्याची ताकद बरीच घटते. कोरडा असताना माणसाचे वजन सहज पेलणारी पकड ओली असताना हातात निघून येते. म्हणून युटातील जाणते आरोहक पावसानंतर दोन-तीन दिवस खडक सुकू देतात. आठवड्याची रजा काढून अर्ध्या जगाचा प्रवास करून गेलेल्या माणसाला हे थांबणे जड जाते, हे मी समजू शकतो. पण मग बेतातच दोन दिवस राखीव ठेवावेत.

पाऊस आणि पूर यांविषयी तर लेखात काहीच नव्हते. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत या प्रदेशात दुपारची वादळे येतात. उघड्या कातळावर आणि कडक मातीत पाणी मुरत नाही, ते थेट घळींमध्ये उतरते आणि काही फूट रुंदीच्या घळीत मिनिटांत भिंतीसारखे येते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक बुडाले, तेव्हा पाऊस मुख्यतः मैलोगणती दूर वरच्या अंगाला झाला होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी युटातील झायन उद्यानाच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा गट असाच वाहून गेला. डोक्यावरचे आकाश निरभ्र आहे, एवढ्यावरून तेथे काहीच सिद्ध होत नाही. त्या घळीत पाणी कोठून कोठून येते, तो सगळा प्रदेश नकाशावर पाहून तेथला अंदाज विचारावा लागतो. कोरड्या ओढ्याच्या पात्रातली मऊ वाळू तंबूसाठी कितीही आकर्षक असली तरी या मोसमात तेथे झोपू नये. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे महिने मला सर्वांत योग्य वाटतात, आणि वाचकांना हे प्रथम सांगायला हवे होते.

परवान्यांचे थोडक्यात सांगतो. ग्रँड कॅन्यनमध्ये एका दिवसात जाऊन येण्याला परवाना लागत नाही, मात्र काठाखाली मुक्काम करायचा तर लागतो. त्याची सोडत चार-पाच महिने आधी निघते आणि वसंत व शरद ऋतूंतील लोकप्रिय तळांसाठी पुष्कळांचा नंबर लागत नाही. परवान्यावर कोणत्या रात्री कोणत्या विभागात मुक्काम, हे नेमके लिहिलेले असते. शेकोटीला मनाई आहे. वापरलेला टॉयलेट पेपर परत न्यावा लागतो. उद्यानाला लागून नवाहो आणि हवासुपाई या आदिवासी लोकांची स्वायत्त भूमी आहे. तिच्यावर चालण्यासाठी त्यांचीच परवानगी घ्यावी लागते आणि नवाहो भूमीवर सुळके चढण्यास बंदी आहे, मग ते कितीही मोहात पाडणारे असोत. जाता जाता एक किरकोळ पण तापदायक बाब: उन्हाळ्यात नवाहो भूमीवरील घड्याळ उर्वरित ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे असते, आणि सीमेवरून जाताना मोबाइल आपोआप वेळ बदलत राहतो. पहाटे निघण्याचा गजर लावणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

कोलोरॅडो पठारावरील मातीबद्दलही दोन वाक्ये लिहावीशी वाटतात. वाट सोडून दिसणारा काळपट, खडबडीत, फुगीर थर हा जिवंत असतो. सायनोबॅक्टेरिया, शेवाळे आणि दगडफुले यांनी वाळूचे कण बांधून तो तयार केलेला असतो. बुटाच्या एका पावलाने तो मोडतो आणि पुन्हा जमायला कित्येक वर्षे, काही ठिकाणी दशके लागतात. म्हणून वाटेवर, उघड्या कातळावर किंवा ओढ्याच्या वाळूत चालायचे असते. आपल्या लेखासोबतच्या एका छायाचित्रात मंडळी नेमकी अशाच थरावर ओळीने बसलेली दिसतात, आणि छायाचित्र अर्थातच फार सुंदर आले आहे.

शेवटचा मुद्दा कोणाला सांगून जाण्याचा. एप्रिल २००३ मध्ये ॲरन राल्स्टन हा कसलेला गिर्यारोहक युटातील ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटाच उतरला, एका निखळलेल्या धोंड्याखाली त्याचा हात अडकला आणि पाच दिवसांनंतर स्वतःचा हात कापून त्याला बाहेर पडावे लागले. त्याने आपण कोठे जातो आहोत हे कोणालाही सांगितले नव्हते, त्यामुळे त्याचा शोध कोठे घ्यायचा हेच कोणाला ठाऊक नव्हते. कॅन्यनच्या पोटात मोबाइलला रेंज नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र आता अनेक जण बाळगतात. ते जरूर न्यावे. पण अरुंद घळीत आकाशाची पट्टी इतकी निमुळती असते की तेही कधी कधी निकामी ठरते. घरच्यांकडे लिहून ठेवलेला बेत, त्यात प्रत्येक मुक्काम, पाण्याची प्रत्येक जागा आणि 'अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाला कळवा' ही सूचना, याची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

लेखिकेच्या अनुभवाविषयी किंवा हेतूविषयी मला शंका नाही. असा प्रवास जरूर करावा. शिस्त पाळून गेल्यास तो आयुष्यभर पुरतो. प्रश्न संपादनाचा आहे. या प्रदेशातली परिस्थिती वर्षावर्षाला बदलते. २०२५ च्या जुलैमध्ये लागलेल्या वणव्यात ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावरील जुने लॉज जळून गेले आणि त्या बाजूच्या वाटा बंद कराव्या लागल्या. दोन वर्षांपूर्वीच्या सहलीवर आधारलेला लेख आज जसाच्या तसा छापला तर वाचक बंद फाटकापाशी उभा राहील. तेव्हा आपणांस विनंती आहे की यापुढे अशा लेखांसोबत एक छोटी चौकट द्यावी आणि तीत चार गोष्टी असाव्यात: ही सहल कोणत्या महिन्यात व कोणत्या वर्षी केली, वाटेवरील पाण्याच्या जागा व त्यांतील कोणत्या हंगामी आहेत, परवाना कोणाकडून व किती आधी घ्यावा लागतो, आणि निघण्यापूर्वी ताजी स्थिती कोठे विचारावी. प्रस्तुत लेखाच्या बाबतीत हीच माहिती पुढील रविवारच्या पुरवणीत पुरवणी टिपण म्हणून प्रसिद्ध करता आली, तर येत्या एप्रिलसाठी आत्ताच बेत आखत असलेल्या वाचकांना ती वेळेत मिळेल.

कळावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक